पोकरचे मेज आणि मालकाची दस्तुरी

पालघर-बोईसरच्या पट्ट्यात पत्ते कोणाला शिकवावे लागत नाहीत. गणपतीच्या जागरणात, लग्नघरच्या मांडवात आणि डहाणूहून मुंबईकडे निघालेल्या सकाळच्या लोकलमध्ये, मांडीवर बॅग आडवी ठेवून, मेंढीकोट, रमी, झब्बू आणि वडीलधारी मंडळी निजल्यावर तीन पत्ती यांचे डाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहेत. ब्लाइंड कोण खेळतो, चाल कोण वाढवतो आणि पॅक कोण होतो, यावरून माणसाचा स्वभाव ओळखण्याची हातोटीही येथील जुन्या खेळणाऱ्यांना चांगलीच साधलेली असते. परंतु हाच बावन्न पानांचा जोड कॅसिनोच्या पोकर-कक्षात गेला म्हणजे त्याचे रूप पालटते. ओसरीवर दिवा लावून देणारा घरधनी तेथे नसतो. प्रत्येक डावामागे आपला हिस्सा काढून घेणारी, पगारी नोकर, कॅमेरे आणि लेखी नियम बाळगणारी संस्था असते, आणि समोर बसलेले आठ जण आपले सोयरे नसून अपरिचित असतात. अशा मेजावर बसणे म्हणजे नेमके काय, तेथे पैसा कोणाच्या खिशातून निघून कोणाच्या खिशात जातो आणि बुद्धीची मात्रा कोठवर चालते, हे या प्रकरणात पाहावयाचे आहे.

प्रथम कायद्याची बाजू. महाराष्ट्रात, आणि म्हणून पालघर जिल्ह्यातही, १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अंमलात आहे. धाड, पंचनामा, पत्त्यांच्या जोडासह जप्त झालेली रोकड आणि ‘मुद्देमाल’ अशा शब्दांनी भरलेल्या ज्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो, त्यांचे मूळ या कायद्यात आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना तेवढी त्यातून मुभा दिलेली आहे. मौज अशी की, १९७६ या एकाच वर्षी दोन शेजारी प्रदेशांनी या विषयावर कायदे केले आणि दोघांचेही पुढे विपरीत झाले. महाराष्ट्राने कॅसिनोंना परवाना देऊन त्यांच्यावर कर बसविण्याचा कायदा मंजूर केला, परंतु तो कधी अंमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. उलट तेव्हाच्या गोवा, दमण व दीव या केंद्रशासित प्रदेशाने जुगाराला बंदी करण्यासाठी कायदा केला, आणि १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांवरच्या खेळांना व १९९६ साली पाण्यावरील जहाजांतील मेजावरच्या खेळांना त्यात सवलत देऊन त्याच बंदीच्या कायद्याच्या दाराने कॅसिनो आत घेतले. ज्या राज्याने परवानगी लिहून ठेवली तेथे एक मेज मांडले गेले नाही, आणि ज्याने बंदी लिहिली तेथे नदीत जहाजे उभी राहिली. दमण तर बोईसरहून गाडीने दोनेक तासांवर आहे आणि १९८७ मध्ये गोवा निराळे राज्य होईपर्यंत त्याच प्रदेशाचा भाग होते. तथापि पोकरच्या मेजासाठी पालघरकराला उत्तरेस न जाता दक्षिणेस, वसई रोडवरून कोकण रेल्वेने किंवा मुंबई-गोवा महामार्गाने, मांडवीच्या तीरापर्यंतच जावे लागते.

पणजीच्या नदीकाठच्या रस्त्यावर, आदिलशाहाच्या जुन्या राजवाड्यापासून फार दूर नाही अशा टापूत, या जहाजांच्या कचेऱ्या व धक्के आहेत. वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाल्याचा दाखला दाखवावा, प्रवेशाचे शुल्क भरावे आणि छोट्या बोटीत बसून पात्राच्या मध्याशी नांगरलेल्या जहाजाकडे जावे, असा तेथला शिरस्ता आहे. खुद्द गोवेकरांना मात्र फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाने या खेळांची बंदी केली. म्हणजे आपल्या नदीतील जहाजावर आपल्याच प्रजेने बसू नये आणि बाहेरच्यांनी मात्र यावे, अशी ही तजवीज आहे, आणि महसूल व नीती या दोहोंना एकाच वेळी राजी राखण्याच्या खटपटीत शासन कोठवर जाते याचे ते एक बोलके उदाहरण म्हणता येईल. पोकरच्या इतिहासाशी मात्र ही नदी आणि ही जहाजे विसंगत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा खेळ अमेरिकेत वाढला तो न्यू ऑर्लिन्सपासून वर जाणाऱ्या मिसिसिपीवरील वाफेच्या बोटींतच; कापसाचे व्यापारी, मळेवाले आणि त्यांच्या थैल्यांवर डोळा ठेवून प्रवास करणारे सराईत जुगारी यांनी तो नदीच्या काठाकाठाने पसरविला.

जहाजावरील मोठ्या दालनात यंत्रांचा खणखणाट, रुलेटच्या चक्राभोवतीची गर्दी आणि गाणेबजावणे असते. पोकरची मेजे त्यापासून काहीशी अलग मांडलेली असतात आणि तेथे शिरताच आवाजाची पट्टी उतरते. हा भेद केवळ बाह्य नाही. रुलेटच्या चक्रात एक ते छत्तीस हे आकडे आणि शून्य असे सदतीस खण असतात, परंतु एका आकड्यावर पैसे लावून जिंकणाऱ्याला पस्तीसपटच मिळतात. त्यामुळे लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरीने दोन रुपये सत्तर पैसे मालकाकडे राहणारच, मग खेळणारा पंडित असो वा अडाणी. तेथे प्रतिपक्ष मालक आहे आणि गणित त्याच्या बाजूचे आहे. पोकरमध्ये मालक खेळतच नाही. तो मेज देतो, पाने वाटणारा नोकर देतो, भांडण झाल्यास निवाडा देतो, आणि या सेवेबद्दल प्रत्येक डावात जमलेल्या रकमेतून ठरलेली टक्केवारी, बहुधा एका कमाल मर्यादेपर्यंत, काढून घेतो. खेळणाऱ्यांच्या बोलीत याला रेक म्हणतात. आपल्या जुन्या दप्तरी भाषेत दस्तुरी म्हटले असते. बाकीचा सारा पैसा खेळाडूंचा आणि खेळाडूंतच फिरणारा.

खेळाचे नियम थोडक्यात सांगता येतात. सध्या सर्वत्र रूढ असलेल्या टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. नंतर मेजाच्या मध्यावर तीन, मग एक, आणि शेवटी आणखी एक अशी पाच पाने उघडी मांडली जातात, ज्यांना अनुक्रमे फ्लॉप, टर्न आणि रिव्हर अशी नावे आहेत. आपली दोन आणि ही सामाईक पाच अशा सात पानांतून ज्याचा पाच पानांचा संच श्रेष्ठ, त्याचा डाव. दोन पाने हातात आल्यावर आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर पैसे लावण्याची एक फेरी होते, म्हणजे एका डावात चार वेळा राहावे की जावे याचा निर्णय करावा लागतो. तीन पत्तीत सगळीच पाने झाकलेली असल्याने समोरच्याच्या चेहऱ्याखेरीज हाती पुरावा नसतो. येथे निम्म्याहून अधिक पुरावा मेजावर उघडा पडलेला असतो आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम तेवढे प्रत्येकाने आपापले करावयाचे असते. दर डावाला एक गोल बटण डावीकडे सरकते. त्याच्या पुढच्या दोघांना पाने पाहण्यापूर्वीच ठरलेली छोटी व मोठी रक्कम घालावी लागते. ही सक्ती नसती तर शहाणा मनुष्य उत्तम पानांची वाट पाहत फुकट बसून राहिला असता. बटण ज्याच्यापुढे तो, पहिली फेरी सोडल्यास, सर्वांच्या शेवटी बोलतो, आणि इतरांचे बोलणे ऐकून मग बोलण्याचा लाभ काय असतो हे जमिनीच्या सौद्यात बसलेल्या कोणालाही सांगावे लागू नये.

पाने वाटणाऱ्या नोकराचे हात पाहण्यासारखे असतात. तो जोड मेजावरून उचलत नाही. हिरव्या बनातीवर पालथा पसरून गोल फिरवितो, गोळा करतो, दोन भाग करून त्यांची टोके अंगठ्याने किंचित उचलून एकमेकांत सोडतो, पुन्हा तसेच करतो, मधले थर काढून वर ठेवतो, शेवटी खाली एक रंगीत कोरे पत्र धरून जोड कापतो, म्हणजे तळचे पान कोणाच्या नजरेस पडू नये. प्रत्येक उघड्या टप्प्यापूर्वी वरचे एक पान न दाखविता बाजूला टाकतो, तेही अशासाठी की पानाच्या पाठीवर कोणी खूण केली असल्यास तिचा उपयोग होऊ नये. दोन भाग एकमेकांत मिसळण्याच्या या रीतीने बावन्न पाने पुरेशी विस्कळीत होण्यास सुमारे सात वेळा पिसावे लागते, असे डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी १९९२ मध्ये सिद्ध केले. घरी आपण दोनतीनदा हात फिरवून पाने वाटू लागतो, त्यापेक्षा हे शास्त्र बरेच कडक आहे. म्हणूनच अनेक ठिकाणी हे काम मेजात बसविलेले यंत्र करते.

नवख्या माणसाला पोकर-कक्षात सर्वांत अधिक खटकते ती उत्कंठा नव्हे, कंटाळा. बावन्न पानांतून दोन पानांच्या १,३२६ जोड्या होतात. त्यांपैकी दोन एक्क्यांच्या सहाच, म्हणजे सरासरीने २२१ डावांत एकदा. कुशल वाटणाऱ्याच्या हातून तासाला सुमारे तीस डाव होतात असे धरले, तर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एक पूर्ण आठ तासांची पाळी भरेपर्यंत मनुष्याच्या हाती दोन एक्के जेमतेम एकदा येतील. आणि तेव्हाही इतर सर्वांनी पॅक होऊन त्याच्या पदरी सक्तीची ती दीडदमडी टाकली, असे सहज घडते. पट्टीचे खेळाडू आपल्याकडे आलेल्या पानांपैकी बहुतांश पाने पहिल्याच फेरीत परत करतात. कायमची हार ज्याच्या वाट्याला येते तो बहुधा धाडसाच्या अभावी हरत नाही. आपण पैसे खर्चून इतक्या लांब आलो ते काय पाने टाकून देण्यासाठी, या विचाराने तो प्रत्येक डावात पाय घालतो आणि थोडे थोडे करून रिकामा होतो.

एक डाव जवळून पाहू. सक्तीच्या रकमा शंभर आणि दोनशे रुपये आहेत असे समजा. आपल्या हाती बदामाची नव्वी आणि अठ्ठी आहे, बटण आपल्यापुढे आहे. डावीकडून एकाने सहाशे लावले, आपण तेवढेच घातले, बाकी सर्व पॅक झाले. मध्ये पंधराशे जमले. फ्लॉपला बदामाचा राजा, बदामाची तिर्री आणि इस्पिकचा गुलाम पडला. आपली चार पाने बदामाची झाली; पाचवे आले की रंग जमला. समोरच्याने तीनशे लावले. जमलेले अठराशे आणि आपले तीनशे मिळून एकवीसशेच्या पुंजीसाठी आपल्याला तीनशे द्यावयाचे आहेत, म्हणजे सातपैकी एकदा जिंकलो तरी हिशेब बरोबरीत सुटतो. आणि न दिसलेल्या सत्तेचाळीस पानांत नऊ बदाम शिल्लक असल्याने पुढचेच पान बदाम असण्याचा संभव १९ टक्के, म्हणजे पाचांत एक इतका आहे. राहणे शहाणपणाचे. टर्नला किल्वरची दुर्री आली, तिचा कोणाला उपयोग नाही. आता समोरच्याने एक हजार पन्नास लावले. पुंजी आपल्या रकमेसह बेचाळीसशे होईल, तिचा चौथा हिस्सा आपल्याला द्यावयाचा आहे. आपला संभव मात्र सेहेचाळीसांत नऊ, वीस टक्क्यांहूनही किंचित कमी. रंग जमल्यावर समोरच्याकडून आणखी बरेच पैसे निघतील अशी खात्री नसेल, तर येथे पाने टाकावीत. नवखा मनुष्य येथेच म्हणतो, ‘एवढे घातले, आता एक पान पाहूच.’ घातलेले पैसे मात्र आता त्याचे राहिलेले नसतात, ते मेजाचे असतात. विचार करावयाचा तो पुढे घालावयाच्या हजार पन्नासांचा. रिव्हरला कधी कधी बदाम पडतोही, आणि पॅक झालेल्याला हळहळ वाटते. परंतु योग्य निर्णय आणि अनुकूल फळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याच्या अंगी मुरले त्यालाच हा खेळ समजला असे म्हणावे.

याच आकड्याची दुसरी बाजू अधिक मनोरंजक आहे. समोरच्याकडे खरोखर राजाची जोडी होती, की तो हूल देत होता? जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ मध्ये खेळांच्या सिद्धांताचा पाया घातला आणि १९४४ मध्ये ऑस्कर मॉर्गेनस्टर्न या अर्थशास्त्रज्ञाबरोबर लिहिलेल्या ग्रंथात पोकरचा सविस्तर विचार केला. हूल हा चारित्र्याचा दोष अथवा क्षणिक लहर नसून बुद्धिपुरस्सर खेळाचा आवश्यक भाग आहे, असे त्यांनी दाखवून दिले. शेवटचे पान पडल्यानंतर कोणी जमलेल्या रकमेच्या निम्मे पैसे लावले, तर समोरच्याला चौथा हिस्सा घालून संपूर्ण पुंजी मिळवायची असते. म्हणून लावणाऱ्याने असे पैसे चार वेळा लावले असता सरासरीने एकदाच ते पोकळ असावेत. याहून कमी हूल दिली तर लोक त्याच्या खऱ्या पानांना पैसे देईनासे होतात. अधिक दिली तर त्याला कोणी घाबरत नाही. जो कधीच खोटे बोलत नाही त्याच्या सत्यालाही या मेजावर किंमत येत नाही, हा निष्कर्ष नीतिपाठात शोभणार नाही. परंतु तो गणिताचा आहे. चेहऱ्यावरील थरथर किंवा नजरेतील चलबिचल टिपण्याला त्यापुढे दुय्यम स्थान आहे. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी फेसबुकच्या सहकार्याने सिद्ध केलेल्या प्लुरिबस या संगणक-प्रणालीने सहा जणांच्या मेजावर व्यावसायिक खेळाडूंना मागे टाकले, आणि तिने कोणाचा चेहरा पाहिला नव्हता.

मग हा कौशल्याचा खेळ की दैवाचा? आपल्या न्यायालयांनी या प्रश्नाला एकमुखी उत्तर दिलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमी हा प्राधान्याने कौशल्याचा खेळ ठरविला, कारण त्यात पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि हातातील पाने जुळवावी लागतात. तीन पत्तीसारख्या खेळांना मात्र केवळ नशिबाचे म्हटले. पोकर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज व रमी यांच्याबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून वगळले. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटले. आपल्या परंपरेला हा विवाद परका नाही. महाभारतातील युधिष्ठिर अक्षविद्येवाचून द्यूताला बसला आणि सर्वस्व गमावून बसला. पुढे वनपर्वात बृहदश्व ऋषी त्याला नलाची कथा सांगतो, जीत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाच्या फांद्यांवरील पाने व फळे न मोजता सांगतो आणि ते गणित व अक्षहृदय नलाला शिकवतो. द्यूत आणि गणना यांचे नाते इतक्या प्राचीन काळी ओळखलेले होते. एका डावात दैवच प्रबळ, हजारो डावांत गणित प्रबळ, असे पोकरविषयी म्हणता येईल. अडचण अशी की, सुटी काढून गेलेला मनुष्य शेकड्यांनी डाव खेळतो, हजारोंनी नव्हे.

आता मालकाच्या दस्तुरीचा हिशेब. समजा, एका मेजावर नऊ जण आहेत आणि दर डावाला सरासरी दोनशे रुपये काढून घेतले जातात. तीस डावांचे तासाला सहा हजार. आठ तासांत अठ्ठेचाळीस हजार. नऊ जण एकमेकांविरुद्ध कितीही चातुर्याने खेळले तरी रात्र संपताना मेजाबाहेर अठ्ठेचाळीस हजार गेलेले असणार, म्हणजे माणशी पाच हजार तीनशेच्या वर. सर्व तुल्यबळ असतील तर सर्व हरतील. एक जण जिंकायचा तर उरलेल्यांनी त्याचा नफा आणि मालकाची दस्तुरी दोन्ही भरली पाहिजेत. त्यावर सरकारचा वाटा आहे. ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घेण्यासाठी दिलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर बसला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे आणि आज जिंकलेल्यातून काल हरलेले वजा करून मागण्याची सोय त्यात नाही. कौशल्याने मिळविलेली आघाडी एवढ्या जकातनाक्यांतून पार पडून शिल्लक राहावी, एवढी सरसता फारच थोड्या खेळाडूंच्या अंगी असते.

तरीही लोक येतात, आणि सगळेच मूर्ख नसतात. लास व्हेगासमध्ये बेनी बिनियनने १९७० साली सुरू केलेल्या जागतिक स्पर्धेत २००३ मध्ये क्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता-स्पर्धेतून प्रवेश मिळवून पंचवीस लाख डॉलर जिंकले, तेव्हापासून सामान्य माणसाच्याही आशेला धुमारे फुटले. भारतातही गोव्याच्या जहाजांवर मोठ्या स्पर्धा भरू लागल्या, आणि २०१८ मध्ये निकिता लूथर हिने त्याच जागतिक स्पर्धेतील सांघिक प्रकारात सहकाऱ्यासह विजय मिळविला. स्पर्धेत प्रवेश-शुल्क एकदाच भरावयाचे असल्याने हानीची सीमा आधीच ठरते. नवख्याने पोकर पाहावयाचाच असेल तर रोख मेजापेक्षा लहान स्पर्धा त्याला बरी. मोबाईलवरून पैसे लावून खेळण्याची वाट मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंद केली आहे. त्यामुळे बोईसरच्या खोलीत बसून कोणी तशा खेळाचे आमिष दाखवीत असेल, तर तो बेकायदा धंदा आहे असेच समजावे.

पोकर हा बुद्धीचा खेळ आहे यात शंका नाही. परंतु कॅसिनोतला पोकर हा बुद्धीच्या खेळावर बसविलेला भाड्याचा व्यवहार आहे, आणि भाडे हरणारा व जिंकणारा दोघेही देतात. ज्याला खेळातील गणिताची गोडी असेल त्याने ते घरी, चिंचोके मांडून, चार मित्रांत आत्मसात करावे. त्यात काही उणे पडत नाही. मेजावर बसण्याचा मोह झालाच तर जाण्यापूर्वी रक्कम आणि वेळ ठरवावी, ती रक्कम नाटकाच्या तिकिटाप्रमाणे खर्ची घालावी, आणि उसने काढून कधीही खेळू नये. गेलेले परत मिळविण्यासाठी पुन्हा बसावेसे वाटू लागले, किंवा घरच्यांपासून आकडे लपवावे लागले, तर तो खेळ राहिलेला नाही, आजार झाला आहे. अशा वेळी शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलण्यात कोणताही कमीपणा मानू नये.